काकाजींचा सराव

मुलाच्या लग्नात काकाजींनी वरातीची घोडी आदल्या दिवशी दोनदा गावातून फिरवून आणली. एकदा रिकामी आणि एकदा वर मुनीमजींना बसवून. घोडी कुठं बिचकते ते आधीच कळलेलं बरं, असा त्यांचा विचार. घोडी कुठंच बिचकली नाही. मुनीमजींना मात्र ती फेरी इतकी मानवली की वेशीत आल्यावर ते उतरायलाच तयार होईनात. दुसऱ्या दिवशी खरी वरात निघाली, बाजेवाल्यांनी पहिला सूर लावला, आणि घोडी नवरदेवासकट गावाबाहेर पळाली. सरावात बाजा नव्हता. माणसं घोडीमागं धावत होती, काकीजी देवाचा धावा करत होत्या, आणि काकाजी शांतपणे पगडी सारखी करून म्हणाले, "बाजाचा सराव राह्यला. पुढल्या टाइमाला ध्यानात ठेवू."

काकाजी म्हणजे तीर्थपुरीचे सरकीवाले शेटजी. त्यांचं जैन घराणं पणजोबांच्या काळात मारवाडातून आलं आणि इथलंच झालं. आमचं घर पाटलांचं, शेतीचं. दोन्ही घरांचे ओटे समोरासमोर. माझे आजोबा, म्हणजे आबा, त्यांच्यापेक्षा वयानं मोठे, पण तेही त्यांना काकाजीच म्हणायचे. संध्याकाळी दोघं आमच्या ओट्यावर बसायचे आणि एकमेकांचं काहीही पटवून न घेता खुशीत गप्पा मारायचे. आमच्या गावात याला दोस्ती म्हणतात.

निजामाच्या राज्यात सरकारी शाळेत सगळं उर्दूतून. म्हणून काकाजींनी आपल्या सरकीच्या वखारीचा अर्धा भाग रिकामा केला, एक मास्तर आणून बसवला आणि खाजगी मराठी शाळा काढली. चौथीपर्यंत. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, तरी शाळा तिथंच राहिली. आम्ही अर्ध्या वखारीत पाढे म्हणायचो आणि पलीकडच्या अर्ध्यात हमाल पोती मोजायचे. कधी कधी आमचं आणि त्यांचं एकमेकांत मिसळून जायचं. ही आमची खालची शाळा. वरची शाळा म्हणजे जालन्याची, तीही खाजगीच, पण दगडी इमारतीची. तिथं पाचवीपासून पुढं मॅट्रिकपर्यंत. खालच्या शाळेतून वरच्या शाळेत पोर कसं न्यायचं, हा काकाजींच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विषय होता. कापसाच्या भावाचासुद्धा ते इतका विचार करत नसत.

याला कारण मोहनभाऊ, म्हणजे तोच घोडीवरचा नवरदेव. लहानपणी त्यांना असंच जालन्याला शिकायला ठेवलं होतं. मुहूर्त बघितला, गाडी जुंपली, पोहोचवून आले. चार दिवसांत पोरगं रडत-रडत, वाटेत कुणाकुणाच्या बैलगाडीत बसत घरी परत आलं, आणि पुन्हा म्हणून गेलं नाही. गादीवर बसलं ते बसलंच. काकाजी कधी त्यांना टाकून बोलले नाहीत. पण शाळेचा विषय निघाला की म्हणायचे, "जल्दीत गेल्ता, जल्दीत आल्ता. पोराची काही चूक न्हाई. मीच त्याचा सराव घेतला न्हाई."

तर त्यांनी माझा सराव घ्यायचं ठरवलं.

का, तर मी चौथीत पहिली आले आणि काकाजींनी ओट्यावर जाहीर करून टाकलं, "पाटील, शांता वरच्या शाळेत जाणार." त्या काळी आमच्या घरातली मुलगी शिकायला जालन्याला जाणं म्हणजे म्हशीनं देवळात जाण्यासारखं. माझे वडील आबांसमोर तोंड उघडत नसत. आईला मी शिकावं असं फार वाटे, पण तीही आबांसमोर पदर सोडून दुसरं काही हलवत नसे. राहता राहिले आबा. त्यांना आम्ही सगळे टरकून होतो. पण आबा हसले. त्यांनी काकाजींना चांगलं ओळखलं होतं. "जाऊ द्या की," म्हणाले. "काकाजीची तयारी होईस्तोवर हिची नात शाळंत जायला आली आसंल."

आणि आबांचं खरं ठरायची वेळ आली. पहिलं वर्ष नुसत्या लसणात गेलं. जालन्यात मी राहणार होते काकाजींच्या विधवा बहिणीकडे, भुआजींकडे. त्यांच्या घरात कांदा-लसूण वर्ज्य, पाणी गाळून प्यायचं, आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. आमच्या घरात लसणाच्या चटणीवाचून भाकरी मोडत नसत आणि शेतातून माणसं आल्याशिवाय ताटं पडत नसत. काकाजींनी फर्मान काढलं, पोरीचा लसूण आजपासून बंद. मी ऊन असताना एकटीच जेवायला बसायची, आणि दिवेलागणीनंतर सगळे चटणी-भाकरीवर तुटून पडायचे तेव्हा भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणायची. आजी असती तर तिनं काकाजींना सरळ केलं असतं. पण ती नव्हती. आबा मुद्दाम माझ्या बाजूला बसून चटणी चाटायचे आणि म्हणायचे, "इद्या लई तिखट लागती, न्हाई का गं?"

जून आला तेव्हा मी लसूण सोडला होता. पण काकाजी म्हणाले, "यंदा तयारी कच्ची आहे. पोट तयार झालं, मन तयार न्हाई झालं. पुढल्या साली बिलकुल." मी त्या दिवशी वखारीमागं बसून इतकी रडले, आणि सरळ घरी जाऊन लसणाची चटणी खाल्ली. खोटं कशाला सांगू, तेवढ्या वेळापुरती शाळा विसरले.

दुसऱ्या वर्षी मन तयार करायचं काम सुरू झालं. काकाजी वखारीत पोत्यावर हेडमास्तर होऊन बसायचे, आणि मी बाहेरून "आत येऊ का सर?" म्हणत यायची. पगडी काढून ठेवायचे, कारण हेडमास्तर टोपी घालतात. नाव काय, वडिलांचं नाव काय, पावकी म्हण, निमकी म्हण, जालना कोणत्या नदीवर आहे. उत्तर बरोबर आलं तरी समाधान व्हायचं नाही. "घाबरून उत्तर दे," म्हणायचे. "तिथं तू घाबरशील. इथं घाबरून बघ." मग मी घाबरल्यासारखं करून पावकी म्हणायची आणि पलीकडचे हमाल मोजणी चुकायचे.

याच वर्षी जाफराबादहून स्थळ आलं. जमीनदार घर, एकुलता मुलगा. आबांनी नकार दिला नाही. ओट्यावर सगळ्यांदेखत त्यांनी काकाजींना सांगितलं, "हे बघा, औंदा पोरगी गेली तर गेली. ती जालन्याची सर्व्हिस मोटर हिला घेऊन गावच्या ओढ्याच्या पल्याड गेली, तर हा पाटील आडवा येणार न्हाई. अन् औंदा न्हाई गेली, तर पुढल्या आखितीच्या मुहूर्ताला जाफराबादकरांना हो म्हणून टाकतो." काकाजी म्हणाले, "मंजूर." आत आईच्या हातून तांब्या पडला. मला ते स्थळ कसं आहे हे ठाऊक नव्हतं, मुलगा काळा की गोरा हे ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की पाऊस लागला की आमचा रस्ता चिखलात बुडतो आणि मोटर पार दिवाळीपर्यंत बंद होते. म्हणजे जे काय व्हायचं ते पावसाच्या आत. आणि काकाजींना घाई म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

त्यांच्या डोक्यात आता निरोपाचा सराव शिरला होता. त्यांचं म्हणणं असं, की मोहन परत आला तो शाळेमुळं नाही, आईच्या रडण्यामुळं. गाडी सुटताना काकीजींनी जो हंबरडा फोडला, तो पोराच्या कानातून गेलाच नाही. तेव्हा रडणं आधीच संपवून टाकायचं. आबा म्हणाले, "काकाजी, तुम्ही हे काय करून राह्यले? लोक हसतेत." काकाजी म्हणाले, "हसू द्या. मी आसवं खर्चून राह्यलो. गल्ल्यात शिल्लकच न्हाई राह्यली तर त्या दिवशी निघतील कुठून?"

मोटर सकाळी एकदाच यायची. तिचे ड्रायव्हर गफूरभाई काकाजींच्या ओळखीचे. ठरलं असं, की मी पेटी घेऊन खरोखरीच मोटरीत बसायचं, काकाजी शेजारी बसणार, मोटर सुटणार, आणि गावाबाहेरच्या ओढ्यापाशी गफूरभाई आम्हाला उतरवून देणार. मग चालत घरी. पेटीसुद्धा खरी भरायची. कपडे, गोधडी, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं. "खोटी पेटी उचलून काय कळणार?" हे काकाजींचं म्हणणं, आणि खरी पेटी ओढ्यापासून डोक्यावर घेऊन यायचं काम माझं.

पहिल्या खेपेला आई अशी रडली की मोटरीतली अनोळखी माणसंही डोळे पुसू लागली. तासाभरानं मी घामाघूम होऊन दारात उभी, तेव्हा तिनं मला धरून पुन्हा रडून घेतलं. दुसऱ्या खेपेला ती बेताची रडली. तिसऱ्या खेपेला मोटर सुटताना ती शेजारणीला कैरीचा भाव विचारत होती. काकाजी जाम खूश. "बघितलं? गल्ला रिकामा होऊन राह्यला." त्यांनी भटजींना विचारून खरा दिवस काढला, येत्या गुरुवारचा. आणि त्याआधी सोमवारी एक शेवटचा सराव ठेवला. त्या दिवशी अवस होती. आई चाचरत म्हणाली, अवसेला पोरीला घराबाहेर कशाला काढता? काकाजींना तिचं हसू आलं. "सरावाला चांगला दिवस कशाला वाया घालवायचा, सूनबाई?"

अवसेच्या सकाळी आई आलीच नाही. तिचे हात पिठात होते. आतूनच म्हणाली, "जाऊन या. येताना मिठाची पुडी आण गं." आबा पारावर सुपारी कातरत बसले होते, त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही. मी पेटी घेऊन मोटरीत बसले. काकाजी दुकानातून उठून तसेच आले होते, अनवाणी. ओढ्यापर्यंत तर जायचं, जोडे कशाला झिजवायचे.

मोटर सुटली. ओढा आला. ओढा गेला.

काकाजी उठून उभे राहिले. "गफूरभाई! ओ गफूरभाई!" पुढून एक अनोळखी मिशाळ चेहरा मागं वळला. गफूरभाई भाच्याच्या शादीला गेले होते आणि हा बदलीवरचा माणूस होता. "रोको! हमको उतरना है!" काकाजी ओरडले. "अभी तो चढे थे सेठ," तो म्हणाला. "मोटर है, तुम्हारे घर की बैलगाडी नहीं. अगले गाँव में उतरना." त्याला सराव समजावून सांगायचा काकाजींनी प्रयत्न केला. "हम जा नहीं रहे, सिर्फ जाने का सराव कर रहे हैं." साऱ्या मोटरीनं काकाजींकडे एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे, कीव आल्यासारखं.

पुढचं गाव आलं. मोटर थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "हाँ सेठ, उतरो." काकाजी दारापर्यंत गेले. एक पाय खाली टाकला. मागं वळून माझ्याकडे बघितलं. मी पेटीवर दोन्ही हात ठेवून गच्च बसले होते. देवा, आता हे उतरले तर मी म्हातारी होईपर्यंत सराव करत बसेन, एवढं मात्र मला स्वच्छ दिसत होतं. काकाजींनी खाली टाकलेल्या आपल्या अनवाणी पायाकडे बघितलं. अवस, मुहूर्त नाही, पायात जोडा नाही, घरी सांगितलेलं नाही. जन्मात एवढी कच्ची तयारी त्यांनी केली नव्हती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. काकाजींनी पाय आत घेतला आणि माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "जालन्यापर्यंतचा सराव कुठं झाल्ता आपला? तो बी करून घेऊ."

शेवटपर्यंत त्यांनी त्याला सरावच म्हटलं. जालन्यात उतरल्यावर म्हणाले, "आलोच आहोत तर शाळेचा रस्ता बघून घेऊ." शाळा दिसल्यावर म्हणाले, "आत जाऊन बसायला काय खर्चा येतो?" हेडमास्तरांनी पावकी विचारली नाही, निमकी विचारली नाही, नदी विचारली नाही. दाखला बघितला, नाव लिहून घेतलं आणि चष्म्यावरून काकाजींच्या उघड्या, धुळीनं भरलेल्या पायांकडे बघत मला विचारलं, "हे तुझे कोण?"

हे आम्ही बसवलेलंच नव्हतं. मी म्हटलं, "काकाजी."

"सख्खे चुलते?" हेडमास्तरांनी दाखल्यावरचं माझं आडनाव बघितलं, काकाजींची मारवाडी पगडी बघितली. "कोण लागतात तुझे?"

कोण लागत होते ते माझे? मी म्हटलं, "ते माझा सराव घेतात."

हेडमास्तर हसले. काकाजी हसले नाहीत. त्यांनी पगडीच्या सुटलेल्या टोकानं उगीच कपाळ पुसलं.

दुसऱ्या दिवशीच्या मोटरीनं ते एकटे परत गेले. पुढचं मला आईनं सांगितलं. आदल्या दिवशी दुपार टळली तशी ती वेशीपर्यंत जाऊन आली होती, ओढ्यापर्यंत जाऊन आली होती. जालन्याकडून आलेल्या एका गाडीवानानं शेटजी आणि पोरगी मोटरीत दिसल्याचं सांगितलं तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. आणि मग ती रडली. काकाजींचा हिशेब साफ चुकला होता. गल्ल्यात पुष्कळ शिल्लक होती. आबा पारावरून उठून सामोरे आले आणि म्हणाले, "काकाजी, फसवलं तुम्ही मला." काकाजी म्हणाले, "मी सोताच फसलो, पाटील. तुम्हाला काय फसवू?" आबा किती तरी दिवस समोरच्या ओट्याशी बोलले नाहीत. पण सगळ्यांदेखत दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. जाफराबादकरांना निरोप गेला, की पोरगी शिकायला गेलेली आहे. पुढं पुढं तर आबाच हे वाक्य असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, कल्पना त्यांचीच.

आणि तो ठरवलेला गुरुवार? बुधवारी रात्रीपासून पाऊस लागला. ओढा दुथडी भरला. गुरुवारी मोटर आली नाही, ती दिवाळीपर्यंत आली नाही. मुहूर्त पहिल्या प्रतीचा होता, असं भटजी पुढं काही वर्षं सांगत होते.

मी मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले, तीर्थपुरी नि जालन्याच्या अध्येमध्ये बदल्या होत राहिल्या. दर जूनला कुणाचं तरी पोर आईचा पदर सोडत नाही, आणि मी त्या आईला म्हणते, बाई, जरा घरी सवय करायची होती. म्हटल्यावर माझंच मला हसू येतं. काकाजी गेले तेव्हा मी परगावी होते. कळेपर्यंत सगळं झालं होतं. पण मला त्यांचं जाणं म्हटलं की दुसरीच सकाळ आठवते, त्या जालन्याच्या सराव-सहलीची दुसरी सकाळ.

भुआजींच्या दाराशी आम्ही दोघं उभे होतो. भुआजींनी त्यांना कुणाचे तरी जुने जोडे दिले होते, ते पायात मावत नव्हते. काकाजी म्हणाले, "आता शेवटचा सराव. मी निघतो. तू मागं न बघता आत जायचं. रडायचं न्हाई. जल्दी पण न्हाई करायची." मी आत गेले. ते बोळाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. कडी वाजवली. "तू फार हळू गेलीस. बराबर झालं न्हाई. पुन्हा." मी पुन्हा आत गेले. ते पुन्हा वळणापर्यंत गेले, पुन्हा आले. या खेपेला मी जल्दी केली होती म्हणे. त्यांचे डोळे लाल झाले होते. "अजून एक डाव," ते म्हणाले. "आता बराबर होईल."

मी आत गेले. ना हळू, ना जल्दी. मागं बघितलं नाही, रडले नाही. अगदी त्यांनी शिकवलं होतं तसं. आणि मग दाराआड कडीला हात लावून उभी राहिले, की यातही त्यांना काहीतरी चुकलेलं सापडेल आणि ते परत येतील. मोटर सुटायची वेळ टळून गेली, ऊन अंगणात आलं, भुआजींनी दोनदा जेवायला हाक मारली, तरी मी तिथंच उभी होते.